एकाच संगणकावरील प्रोग्रामसाठी युनिक्स डोमेन सॉकेट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या तपासणी विभागातील एका लिनक्स संगणकावर तीन प्रोग्राम अखंड चालतात. एक कॅमेऱ्याकडून चित्रे घेतो, दुसरा चित्रांतील सुट्या भागांची मापे काढतो आणि तिसरा निकालांची नोंद ठेवतो. त्यांच्यातील संवादासाठी पाइप (एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडे नेणारी नळी), १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावरचे टीसीपी (नेटवर्कवर जोडणी करण्याची पद्धत), शेअर्ड मेमरी (दोन प्रोग्रामनी मिळून वापरायची मेमरी) आणि युनिक्स डोमेन सॉकेट (एकाच संगणकावरील प्रोग्रामना दोन्ही दिशांनी जोडणारा दुवा) एवढे पर्याय होते. सॉकेट निवडून बरेच महिने लोटले असून, अशी निवड करताना वेगापेक्षा पलीकडे कोण आहे आणि तो मध्येच बंद पडला तर काय होईल, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पाइप एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे प्रश्नोत्तराच्या कामाला तो अपुरा पडतो. टीसीपीच्या स्थानिक पोर्टला त्या संगणकावरचा कोणताही वापरकर्ता जोडला जाऊ शकतो, म्हणजे ओळख पटवण्याची व्यवस्था आपणच लिहायची. युनिक्स सॉकेट मात्र फाइलच्या रूपात असते, ज्या फोल्डरमध्ये ते ठेवले त्याच्या परवानग्या त्याला लागू होतात, आणि जोडणी होताच पलीकडच्या प्रोसेसचा वापरकर्ता क्रमांक कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडून, विचारून घेता येतो. तो खोटा सांगण्याची सोय साध्या प्रोग्रामला नसते. मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

आम्ही युनिक्स सॉकेटचा सीक्वपॅकेट (SEQPACKET) हा प्रकार वापरतो. त्यात एक संदेश पाठवला की पलीकडे तेवढाच एक संदेश मिळतो, त्यामुळे बाइट मोजून तुकडे जोडण्याचा कोड लिहावा लागत नाही. पण १९२० × १०८० चे रंगीत चित्र सुमारे ६२ लाख बाइटचे असते आणि ते पाठवणाऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे संदेश तात्पुरता ठेवण्याच्या जागेत, मावत नाही. म्हणून चित्र मेमएफडीमध्ये (memfd, फक्त मेमरीत असणारी फाइल) लिहून फक्त त्याचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा हवाला, सॉकेटवरून देतो. घेणारा तीच मेमरी आपल्याकडे मॅप करतो, म्हणजे स्वतःच्या मेमरीसारखी वाचतो, आणि चित्राची प्रत सॉकेटमधून जात नाही. येथे सील, म्हणजे त्या मेमरीत ठरावीक बदल करण्यावर कायमची बंदी, लावणे अत्यावश्यक समजावे. पाठवणाऱ्याने नंतर ती मेमरी आखूड केली, तर वाचणारा प्रोग्राम सिगबसने (SIGBUS, नसलेली मेमरी वाचल्यावर कर्नल देतो तो इशारा) जागीच कोसळतो, आणि आकार कमी करण्यास बंदी घालणारे सील ही शक्यताच मिटवते.

प्रोग्राम अचानक बंद पडला की सॉकेटची फाइल मागे उरते आणि पुढच्या वेळी 'पत्ता आधीच वापरात आहे' अशी त्रुटी येते. सॉकेट सिस्टमडीच्या (systemd, लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) ताब्यात दिल्यापासून ही कटकट संपली. शिवाय सेवा पुन्हा सुरू होत असताना नव्याने येणारी जोडणी नाकारली न जाता रांगेत थांबते. सुरू असलेल्या जोडण्या अर्थातच तुटतात, त्यामुळे पुन्हा जोडण्याचा कोड प्रत्येक प्रोग्राममध्ये हवाच.

लिनक्सवर सॉकेटच्या पत्त्याला १०८ बाइटची मर्यादा आहे, तेव्हा खोल फोल्डर टाळावेत. मॅकओएसवर या सॉकेटचा सीक्वपॅकेट प्रकार चालत नाही. ज्यांना तिघांपैकी एखादा प्रोग्राम पुढे दुसऱ्या संगणकावर हलवायचा आहे, त्यांनी मात्र सुरुवातीपासूनच टीसीपी धरावे, कारण डिस्क्रिप्टर देण्याची सोय नेटवर्कपलीकडे मिळत नाही.