ग्रब गायब झाला: बूट रिपेअर वापरू की हाताने कमांड मारू?

विंडोज अपडेट झालं आणि लिनक्सचा मेनूच (ग्रब, म्हणजे सुरुवातीला लिनक्स की विंडोज हे विचारणारा प्रोग्राम) येईना, आता बूट रिपेअर (ग्रब आपोआप दुरुस्त करणारं टूल) चालवू की टर्मिनलमधून ग्रब परत टाकू असं एकाने विचारलंय. आधी यूईएफआय (मदरबोर्डच्या) सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डर, म्हणजे आधी कोण सुरू होतं ते, बघ रे, बऱ्याचदा विंडोजने स्वतःला फक्त वर सरकवलेलं असतं, उबंटूची एंट्री वर घेतली की काम झालं.

तसं नसेल तर लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून थेट लिनक्स चालतं ती पेनड्राइव्ह) दोन्हीकडे लागतेच.

मेहनत बघितली तर बूट रिपेअर सोपं, इन्स्टॉल करायला नेट लागतं पण मग एक बटण दाबायचं. हाताने करायचं तर उबंटूवर रूट पार्टिशन (जिथे लिनक्स आहे ते) माउंट म्हणजे जोडायचं, ईएफआय पार्टिशन (जिथे बूटच्या फायली असतात ते) माउंट, मग सीएचरूट (लाइव्ह यूएसबीवरून त्या लिनक्सच्या आत शिरणं), ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब, आणि यात पार्टिशन चुकीचं निवडलं की बसा बोंबलत.

पण नक्की काय बदललं हे कळायचं असेल तर हातानेच बरं. बूट रिपेअर बरंच काही एका फटक्यात करतं, नंतर शोधत बसावं लागतं. शिवाय मेनूत विंडोजच दिसत नसेल तर रिपेअरची गरजच नसते, ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (दुसऱ्या सिस्टिम शोधून मेनूत टाकणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो, ग्रबच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलून अपडेट-ग्रब मारलं की येतं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर काहीही करण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेव, नंतर विंडोज ती मागू शकतं.

उबंटू किंवा मिंट आहे आणि मशीन लगेच हवंय तर बूट रिपेअर. आर्च, फेडोरा (लिनक्सचेच दुसरे प्रकार) किंवा एन्क्रिप्टेड डिस्क असेल तर टर्मिनलच.