सगळ्यांची गाठ वर्षातून एकदाच पडणार असेल, तर लक्ष्म्यांना की येळवशीला?

धाकट्या चुलतभावाचा पुण्याहून फोन आला. "दादा, रजा एकदाच मिळती. लक्ष्म्यांना येऊ का येळवशीला?" लक्ष्म्या म्हणजे गणपतीत बसणाऱ्या गौरी, आणि येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात पूजा करून तिथंच सगळ्यांनी जेवायचा सण. दोन्हींतलं कुठलं, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी मलाही पडला होता. तेव्हा मी जे ठरवलं ते आजपर्यंत मोडलेलं नाही. आमच्यासारखी लातूर-धाराशिवकडची, आता पुणं, हैदराबाद, संभाजीनगरला पांगलेली घरं बरीच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवाळी मी यात धरलीच नाही. दिवाळीत लेकी माहेरी येतात आणि सुना त्यांच्या माहेरी जातात. सगळे एका दिवशी एका पंगतीला बसले असं आमच्याकडं दिवाळीत कधी झालं नाही.

आधी लक्ष्म्यांचं सांगतो, कारण माझा जीव तिथं जास्त गुंतलेला आहे. आमच्या ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे पणजीच्या वेळचे, पितळी. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंपानं माळवदाचं घर बसलं, तेव्हा लक्ष्म्या उठवून आठवडाच झाला होता आणि मुखवटे कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेले होते. चौथ्या दिवशी ढिगाऱ्यातून ती ट्रंक निघाली. एका मुखवट्याच्या गालाला पोचा आला आहे, तो आईनं कधी ठोकून घेतला नाही. आवाहनाच्या संध्याकाळी तोच मुखवटा हातात घेऊन ती उंबरठ्यापासून हळदी-कुंकवाच्या पावलांवरून आत येते, तेव्हा घरातला मोठा माणूसही गप्प होतो. येळवशीकडं याच्या तोडीचं काही नाही, हे मी आधीच कबूल करतो.

ताटाचंही तेच. पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, सोळा भाज्या, वडे, चटण्या, कोशिंबिरी. नुसतं जेवण म्हणून पाहिलं तर लक्ष्म्यांचंच ताट सरस. येळवशीची भज्जी, म्हणजे डाळीच्या पिठात हिरवे दाणे शिजवून केलेली भाजी, ही सवयीची चव आहे. माझी बायको नाशिककडची. पहिल्या वर्षी तिनं दोन घास खाल्ले आणि आंबिलीची वाटी हळूच माझ्याकडं सरकवली. आता तीच वाटी पुन्हा भरून मागते, पण त्याला तीन येळवशी जाव्या लागल्या. बाहेरून आलेली सून किंवा जावई पहिल्यांदाच आणत असाल तर हे ध्यानात ठेवा.

मग माझं मन लक्ष्म्यांवरून का उठलं? पंगतींमुळं.

भूकंपानंतर पुनर्वसनात जमिनीच्या मानानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. आमच्या वाट्याला 400 चं आलं. मागं पत्र्याची एक खोली वाढवली, तरी लक्ष्म्यांची आरास मांडल्यावर एका वेळी आठ-नऊच पाट बसतात. नैवेद्य दाखवून आरती होईपर्यंत साडेबारा वाजतात. मग सवाष्णी आणि म्हातारी माणसं. मग लेकरं. मग पुरुष. मग ज्यांना प्रसादाला सांगितलेलं असतं ते. आणि या सगळ्या वेळात आतमध्ये तवा चालूच असतो, कारण पुरणपोळी एकेकच लाटावी लागते आणि एकेकच भाजावी लागते. तीस माणसांना दोन-दोन धरल्या तरी साठ पोळ्या झाल्या, आणि आमच्याकडं दोनवर कोण थांबतं?

एका वर्षी मी जेवून, पानाचा विडा खाऊन, सतरंजीवर डोळा लागून उठलो आणि पाणी प्यायला आत गेलो. साडेचार वाजले होते. आई, काकू आणि दोघी वहिन्या तेव्हा जेवायला बसत होत्या. काकू सोळा भाज्यांचं पातेलं एका बाजूला कलंडून पळीनं तळ खरवडत होती. चौघींत दोन पळ्या भाजी निघाली. कढीवर साय धरली होती. टोपल्यात उरलेल्या पोळ्या फाटलेल्या होत्या, लाटताना पुरण बाहेर आलेल्या, पंगतीत वाढायच्या नाहीत म्हणून बाजूला ठेवलेल्या.

"तुमचं अजून झालंच नाही?" मी विचारलं.

"बसतोय की आता," आई म्हणाली. "पोळी गरमच असावी लागती का रे?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ती वर्षभर ज्या लेकरांची वाट बघते त्यांच्यापैकी एकाच्याही शेजारी बसून ती त्या दिवशी जेवली नव्हती. आम्ही सगळे एकत्र जेवायला म्हणून दोन-दोनशे मैल तुडवून आलो होतो, आणि एकत्र जेवलोच नव्हतो.

उपाय करून पाहिले. एका वर्षी बायकांची पंगत आधी बसवली आणि आम्ही वाढायला उभे राहिलो. आई दर पाच मिनिटाला तव्याकडं बघायला उठली, कारण मला पोळी भाजता येत होती पण लाटता येत नव्हती. दुसऱ्या वर्षी पोळ्या बाहेरून सांगितल्या. त्या दीड वाजता आल्या, तोवर नैवेद्य अडून राहिला आणि काकूनं शेवटी देवीपुरत्या पाच पोळ्या घरीच केल्या. आचारी लावायचं म्हटलं तर आमच्यात नैवेद्याला सोवळं लागतं. तुमचं घर मोठं असेल, माणसं पंधराच्या आत असतील, तर हा सगळा ताप तुम्हाला कदाचित होणारच नाही. आमच्याकडं झाला.

येळवशीला बायकांना काम कमी असतं असं कुणी सांगितलं तर मानू नका. आंबील आदल्या दिवशीच करून बिंदग्यात मुरायला ठेवावी लागते. रात्री तुरीचे सोलाणे, हरभऱ्याचे घाटे, वाटाणे, वालाच्या शेंगा सोलायला सगळं घर बसतं, पण पहाटे तीनला चूल आई-काकूच पेटवतात. भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे म्हणजे गोळे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, धपाटे. रात्र दोन्ही सणांना जाते.

फरक एवढाच की घर सोडताना स्वयंपाक संपलेला असतो. भज्जी हा पदार्थच असा की डाळीचं पीठ, चिंचेचा कोळ, मेथी, पातीचा कांदा, हिरवी मिरची, लसूण आणि हिरवे दाणे एकदा एका पातेल्यात शिजले की वीस माणसं काय आणि चाळीस काय. ती कोमट झाली तर उलट जास्त मुरते. शेतात तवा नसतो, त्यामुळं जेवताना कुणाला उठावं लागत नाही.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते, वरून शाल पांघरलेली, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली की काका आंबिलीचं भांडं घेऊन पुढं आणि लेकरं मागं, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत शेतातून शिंपत फिरतात. सीमेपलीकडं बीदर-कलबुर्गीकडंही हाच सण आहे. तिकडं त्याला एळ्ळ अमावास्या म्हणतात, एळ्ळ म्हणजे तीळ. मग ज्वारीच्या कडेला चवाळं अंथरायचं आणि सगळ्यांनी बसायचं. मागच्या खेपेला आम्ही एकतीस जण होतो, एकच गोल. पातेलं ज्याच्या हाताशी असेल तो वाढतो. आईनं उंडा कुस्करला, वर भज्जी घेतली, मधोमध बोटानं खळगा करून तेल घातलं आणि माझ्या मुलीला शेजारी ओढून पहिला घास तिला भरवला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. शेतात बायकांना आडोशाची सोय नसते. आम्ही रस्त्याकडेच्या सोयऱ्यांच्या आखाड्यावरचं, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचं बाथरूम आधीच बोलून ठेवतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या न्याव्या लागतात. आणि रजेचं गणित अवघड आहे. लातूर-धाराशिवला जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, त्या दिवशी लातूर शहरसुद्धा बंद असल्यासारखं ओस पडतं, पण पुण्याच्या कंपनीला येळवस समजावून सांगावी लागते. तारीखही हलते. 2024 मध्ये 11 जानेवारी आणि 30 डिसेंबर अशा दोन येळवशी आल्या, 2025 ला ती 19 डिसेंबरला आली. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळं त्या वर्षीची येळवस पुढं जानेवारी 2027 मध्ये जाते. लक्ष्म्या गणपतीतच येतात, तेव्हा साहेबाला फार सांगावं लागत नाही.

शेत विकलंय किंवा बटईनं दिलंय म्हणून अडू नका. येळवशीला दुसऱ्याच्या शेतात जेवायला जाण्यात आमच्याकडं कुणालाच कमीपणा वाटत नाही, आणि बोलावणाऱ्याला तर चार पानं जास्त झालेली हवीच असतात.

भावाला मी फोनवर एवढंच सांगितलं की मुखवट्यांसाठी जीव तुटत असेल तर एखाद्या वर्षी लक्ष्म्यांना जरूर ये, मीही अधूनमधून जातो. पण रजा एकच असेल तर जानेवारीची टाक, आणि येताना बार्शीवरून आत्याला गाडीत घे. लग्न झाल्यापासून तिच्या सासरच्याच लक्ष्म्या असतात, त्यामुळं त्या दिवशी तिला माहेरी येता आलेलं नाही. येळवशीला ती मोकळी असते आणि बोरांची पिशवी भरून दारात तयार बसते.