‘४५ अंशातही सेटिंग’ म्हणून विकलेली रोपं : उन्हाळी टोमॅटो लावणाऱ्यांनी वाचा

४५ अंशात फळ धरणारं टोमॅटो अजून कुणी काढलेलं नाही. तसं सांगून कोणी रोपं विकायला आला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. दिवसाचा पारा ३५च्या वर गेला आणि रात्रही तापलेलीच राहिली की परागकण निकामी होतात, फूल देठापासून गळतं. चांगलं उन्हाळी वाण म्हणजे इतरांपेक्षा थोडी जास्त उष्णता सोसणारं, बस्स. मी टोमॅटोत नवखा नाही, हे मला माहीत होतं. तरी अशीच रोपं विकून मला फसवलं गेलं, कारण विकणारा माणूस अनोळखी नव्हता. मेव्हण्याच्या ओळखीतून आला, दोन गावांतले टोमॅटोचे प्लॉट मोबाईलवर दाखवले, आणि बाजारभावाचं आमिष त्याला दाखवावंही लागलं नाही. जुलै २०२३मध्ये नारायणगावच्या टोमॅटो बाजारात २० किलोचं क्रेट २,००० रुपयांच्या पुढे गेलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून मे-जूनमध्ये माल हातात असावा असं कुणाला वाटत नाही?

दोन एकरांसाठी १२,००० रोपं, २ रुपये ८० पैशांनी ३३,६०० रुपये. १०,००० फोन-पेवर आगाऊ, उरलेले २३,६०० रोपं उतरवताना रोख. रोखच हवेत म्हणाला. पावती दिली ती साध्या कागदावर : ‘टोमॅटो रोपे’. वाणाचं नाव नाही, लॉट नंबर नाही. बियाण्याची रिकामी पाकिटं मागितली तर “नर्सरीत राहिली दादा, उद्या फोटो टाकतो.” फोटो आला तो पाकिटाच्या पुढच्या बाजूचा. लॉट नंबर मागच्या बाजूला असतो.

पण खरी गोष्ट ट्रेमध्येच दिसत होती, आणि तीच मला आजही झोपू देत नाही. ट्रे उन्हात धरला तेव्हा बहुतेक रोपांच्या बुडख्याला, म्हणजे खोडाच्या तळाला, जांभळट झाक होती आणि मधूनमधून एखादं रोप पार पोपटी. पानंही सारखी नव्हती, काहींची रुंद, काहींची चिरलेली. हायब्रीडची रोपं एका साच्यातली असतात. असा फरक पडतो तो हायब्रीडच्या फळातून बी काढून पुन्हा पेरलं की. मी विचारलं. गप्प बसलो नाही. तो म्हणाला, “थंडीनं जांभळी पडलीत, ऊन लागलं की एक होतील.” फेब्रुवारीच्या रात्री गार होत्या, आणि गारठ्यात स्फुरद उचललं जात नाही म्हणून रोपं जांभळी पडतात हे खरंच आहे. उत्तर शास्त्राला धरून होतं. बेड तयार, मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरलेला, बायका लागणीला उभ्या. त्या वेळी कोणता शेतकरी टेम्पो परत पाठवेल?

एप्रिलमध्ये एक झाड बांधणीच्या सुतळीच्या वर गेलं, शेजारचं गुडघ्याला थांबलं. फळ कुठे चपटं, कुठे उभट, कुठे गोटीएवढं. फुलगळ झाली तर हाच माणूस ‘सेटिंगचं टॉनिक’ घेऊन आला, १,८५० रुपयांची एक अशा चार बाटल्या, ७,४०० रुपये. बाटलीवर घटकांचं प्रमाण छापलेलं नसेल तर ती हातातही घेऊ नका.

एकूण हिशेब असा : रोपं ३३,६००, मल्चिंग २२,४००, खतं-औषधं ६१,३५०, मजुरी ३८,९००, टॉनिक ७,४००. म्हणजे १,६३,६५० रुपये. आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, वजा जाता हातात आले ४१,८७०.

आता सरकारी दाराबद्दल. कृषी खात्यात तक्रार नेली तर साहेबांचं पहिलं वाक्य, “ऊन किती आहे बघताय ना, फुलगळ होणारच.” फसवणाऱ्याला उन्हाळा आवडतो तो यासाठीच, सगळा दोष उन्हावर ढकलता येतो. अहो, माझ्या बांधाला लागून चुलतभावाचा प्लॉट आहे. त्याच आठवड्यातली लागण, तेच पाणी, तेच ऊन. मे महिन्यात त्याचाही माल घटला, पण झाडं सगळी एका उंचीची आणि फळ एका आकाराचं. उन्हानं फूल गळेल. उन्हानं एक झाड उंच आणि दुसरं बुटकं होत नाही! हे मी टेबलावर फोटो ठेवून सांगितलं. त्यांनी फोटो पाहिलेही नाहीत.

पुढचं उत्तर त्याहून संतापजनक : “तुम्ही बियाणं नाही, रोपं घेतलीत. आमच्याकडे येत नाही.” १९६६च्या बियाणे कायद्यात बियाण्याची जी व्याख्या आहे तिच्यात रोपंही आहेत. हे मी साहेबांना सांगायचं? कृषी खात्याच्या तक्रार निवारण समितीनं कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाला घेऊन उभ्या पिकाचा पंचनामा करायचा असतो. माझ्याकडे समिती आली ती झाडं वाळून काड्या झाल्यावर, आणि अहवालात लिहिलं, ‘पीक अस्तित्वात नसल्याने निष्कर्ष काढता येत नाही’. उशीर कोणी केला? अर्जावर त्यांच्याच शिक्क्याची तारीख आहे. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून हात झटकले. पगार चालू असणाऱ्यांना हंगाम जाणं म्हणजे काय ते कधीच कळणार नाही.

म्हणून अर्ज पहिली फुलगळ दिसताच द्या, पोच घ्या, आणि शेजारच्या प्लॉटसह तारखेचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक ट्रेमधली चार रोपं उन्हात धरून बुडखे एका रंगाचे आहेत का पाहा. रोख देऊ नका. फोन-पेचे ते १०,००० हाच आज माझा खरेदीचा एकमेव पक्का पुरावा आहे.

ग्राहक आयोगात मात्र जाता येतं. शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि पेरून संपलेल्या बियाण्याचा नमुना त्याच्याकडून मागता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्येच सांगितलंय. मुदत दोन वर्षांची, आणि खरेदी पाच लाखांच्या आतली असेल तर फी लागत नाही. मी १,६३,६५० रुपये आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई मागितली आहे. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पण जानेवारीत तो नव्या नंबरावरून रोपांची बुकिंग घेईल याची मला खात्री आहे. ज्यांच्याकडे ‘टोमॅटो रोपे’ एवढंच लिहिलेली पावती असेल त्यांनी ती फेकू नका. सगळ्यांची तक्रार एकत्र गेली तर समितीला पीक वाळेपर्यंत थांबणं जड जाईल.