सीएच३४१ए प्रोग्रॅमर : जुन्या मदरबोर्डाचा बायोस बदलण्याआधी घ्यावी अशी वस्तू

संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डावरच्या एका चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम म्हणजे बायोस. तो अद्ययावत करताना वीज गेली, फाइल दुसऱ्याच मॉडेलची निघाली किंवा लेखन अर्ध्यावर थांबले, तर संगणक चालू होत नाही. आणि तो चालूच होत नसल्यामुळे झालेली चूक त्याच संगणकावरून दुरुस्तही करता येत नाही. अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डांवर या पेचातून सुटण्याची वाट कंपनीनेच ठेवलेली असते. आसुसचे ‘बायोस फ्लॅशबॅक’ किंवा एमएसआयचे ‘फ्लॅश बायोस बटण’ असेल, तर बोर्डाला वीजपुरवठा जोडून आणि ठरावीक यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह लावून बायोस पुन्हा लिहिता येतो, तर गिगाबाइटच्या ‘ड्युअल बायोस’ बोर्डांवर दुसरी चिपच राखीव असते. मात्र २०११-१२च्या सुमारास आलेले, इंटेलच्या एच६१सारख्या चिपसेटवरचे (चिपसेट म्हणजे बोर्डाची मुख्य नियंत्रक चिप) स्वस्त बोर्ड, जे आजही लहान कार्यालयांत, शिकवणी वर्गांत आणि जुन्या मालाच्या बाजारात भरपूर दिसतात, त्यांतल्या पुष्कळांवर यांपैकी काहीही नसते. अशा बोर्डांच्या मालकांसाठी सीएच३४१ए या चिपवर बेतलेला यूएसबी प्रोग्रॅमर, म्हणजे दुसऱ्या संगणकाला जोडून बायोसची चिप थेट वाचणारे आणि लिहिणारे उपकरण, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याच्या गुणांइतकेच त्याचे दोष माहीत असणे आवश्यक असल्यामुळे हे परीक्षण लिहीत आहे.

सीएच३४१ए ही मूळ चिप चीनमधील नानजिंग छिनहेंग या कंपनीची असून यूएसबी आणि सीरियल, पॅरलल, एसपीआय इत्यादी पद्धतींनी बोलणारी उपकरणे यांच्यात दुवा साधणे हे तिचे काम आहे. बाजारात मिळणारा प्रोग्रॅमर म्हणजे या चिपभोवती बांधलेली, पेन ड्राइव्हपेक्षा थोडी मोठी, बहुधा काळ्या रंगाची उघडी पट्टी. तिच्यावर खटक्याने आवळली जाणारी खाच असते. संचात सोबत आठ पायांच्या चिपला वरून पकडणारी क्लिप, एकदोन छोट्या जोडपट्ट्या आणि विक्रेता उदार असल्यास १.८ व्होल्टचा अडॅप्टर मिळतो. तीच रचना अनेक कारखाने बनवत असल्यामुळे पट्टीवर कोणा एका उत्पादकाचे नाव नसते, आणि किंमत काहीशे रुपयांच्या पलीकडे सहसा जात नाही.

विक्रेते ही वस्तू ‘बंद पडलेला बोर्ड जिवंत करणारी’ म्हणून विकतात. ते खोटे नाही, पण माझ्या मते तिचा खरा उपयोग बोर्ड बंद पडण्यापूर्वीचा आहे. बायोसच्या चिपमध्ये केवळ कंपनीचा प्रोग्रॅम नसतो. त्याच बोर्डाचा अनुक्रमांक, ओळखक्रमांक, अनेक बोर्डांवर लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्या यंत्राची ओळख), इंटेलच्या बोर्डांवर मॅनेजमेंट इंजिन या चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचा स्वतंत्र विभाग आणि तयार ब्रँडेड संगणकांवर विंडोजच्या परवान्याची किल्ली, इतका ऐवज तिथे साठवलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल सर्वांसाठी एकच असल्यामुळे यातली त्या एका बोर्डापुरती माहिती तिच्यात नसते. म्हणून बोर्ड गेल्यावर प्रोग्रॅमर आणून ती फाइल थेट लिहिली, तर संगणक कदाचित चालू होईल, पण त्याची ओळख पुसली गेलेली असेल. उलट बोर्ड धडधाकट असताना चिपची पूर्ण नक्कल काढून ठेवली, तर पुढे काहीही बिघडले तरी कालचा संगणक जसाच्या तसा परत मिळवता येतो.

नक्कल काढणे किती सोपे जाईल, हे चिप बोर्डावर कशी बसवली आहे यावर अवलंबून आहे. आसुसच्या पी८ मालिकेतल्या अनेक बोर्डांवर ती सॉकेटमध्ये असते. वीजपुरवठा पूर्ण काढून ती अलगद उचलावी, तिच्या एका टोकावरची अर्धगोल खूण कोणत्या बाजूला होती याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि ती प्रोग्रॅमरच्या खाचेत बसवावी. खाचेचे दोन भाग असतात, एक २४ मालिकेच्या आणि दुसरा २५ मालिकेच्या चिपसाठी. बायोसची चिप २५ मालिकेची असते. पट्टीवरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) व्होल्टेज बदलण्यासाठी आहे असा समज सर्रास आढळतो, परंतु नेहमीच्या काळ्या पट्टीवर तो प्रोग्रॅमर आणि सीरियल या दोन कामांत निवड करतो, व्होल्टेजशी त्याचा संबंध नाही.

चिप एकदा वाचून समाधान मानू नये. ती दोनदा वाचावी, मध्ये चिप काढून पुन्हा बसवावी आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का हे चेकसमने, म्हणजे फाइलीतल्या माहितीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने, तपासावे. आठ मेगाबाइटच्या चिपची नक्कल बरोबर ८३,८८,६०८ बाइटांची आणि सोळा मेगाबाइटच्या चिपची १,६७,७७,२१६ बाइटांची असली पाहिजे. दोन्ही फाइली सारख्या असूनही पूर्ण कोऱ्या असू शकतात, कारण संपर्कच झाला नसेल तर प्रोग्रॅमर दोन्ही वेळा तोच रिकामेपणा नोंदवतो. त्यामुळे ती फाइल ‘यूईएफआय टूल’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून आतले विभाग दिसतात का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता दोषांकडे. पहिला दोष गंभीर आहे आणि उत्पादनाच्या वर्णनात तो कुठेही लिहिलेला नसतो. काळ्या पट्टीवरची मुख्य चिप यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. बायोसच्या चिपला वीज पुरवणारी तार ३.३ व्होल्टची असली तरी माहितीच्या तारांवर मात्र ५ व्होल्टच्या आसपासचा दाब येतो. विनबाँड कंपनीच्या २५क्यू१२८एफव्ही या प्रचलित चिपच्या माहितीपत्रकानुसार कोणत्याही पायावरचा दाब पुरवठ्यापेक्षा जास्तीत जास्त ०.४ व्होल्टने अधिक असावा, म्हणजे ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावर मर्यादा ३.७ व्होल्ट ठरते. अनेकांचे काम तरीही बिनबोभाट पार पडते, आणि त्यामुळेच हा दोष वर्षानुवर्षे बाजारात टिकून आहे. सॉकेटमधून काढलेल्या चिपचा धोका निदान त्या चिपपुरताच असतो, पण चिप बोर्डावर असताना क्लिप लावली तर तोच दाब त्या तारांना जोडलेल्या चिपसेटपर्यंत पोहोचतो, आणि चिपसेट बाजारात सुटा घेऊन घरी बदलता येत नाही. सोल्डरिंगचा हात असलेले लोक मुख्य चिपचा २८ क्रमांकाचा पाय उचलून तिला ३.३ व्होल्टवर चालवतात आणि नववा पायही त्यालाच जोडतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी व्होल्टेज निवडण्याची सोय असलेली नंतरची आवृत्ती शोधावी, आणि दोन्ही बाबतींत मल्टिमीटर लावून खात्री केल्याखेरीज बोर्डाला हात लावू नये.

दुसरा दोष १.८ व्होल्टच्या चिपचा आहे. एएमडी प्रोसेसरांच्या एएम४ या सॉकेट पिढीतल्या अनेक बोर्डांवर अशा चिपा असतात आणि त्यांना ३.३ व्होल्टही जास्त होतात. चिपवरचा क्रमांक भिंगाखाली नीट वाचावा: मॅक्रॉनिक्सची २५एल ही ३.३ व्होल्टची, तर २५यू ही १.८ व्होल्टची, विनबाँडच्या २५क्यू१२८एफव्ही आणि २५क्यू१२८एफडब्ल्यू यांत फरक शेवटच्या अक्षराचाच आहे. अशा चिपला १.८ व्होल्टचा अडॅप्टर मध्ये घातल्याशिवाय जोडूच नये.

क्लिप हा संचातला सर्वांत निकृष्ट भाग आहे. तिचे दात चिपच्या पायांवर नीट बसत नाहीत, बसले तरी घसरतात, आणि ‘चिप सापडली नाही’ हा संदेश आला की तो क्लिपमुळे आला की बोर्डाचे इतर भाग चिपसाठीची वीज ओढून घेत असल्यामुळे आला, हे ठरवणे कठीण होते. बोर्डाचा वीजपुरवठा आणि सीमॉसचा सेल (बोर्डावरची बटणासारखी बॅटरी) दोन्ही काढून ठेवावेत आणि क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला, म्हणजे पहिल्या पायावर, येते आहे हे आधी पाहावे, कारण उलट लावलेल्या क्लिपने चिप तापून जाऊ शकते. पोमोना कंपनीची ५२५० ही क्लिप या कामासाठी नावाजलेली आहे. ती एकटीच सबंध संचापेक्षा महाग पडते, तरी सोल्डर केलेल्या चिपशी वारंवार गाठ पडणार असेल तर तिचे पैसे वसूल होतात.

सॉफ्टवेअरबाबत माझा सल्ला एवढाच, की विक्रेत्याने दिलेल्या सीडीला किंवा दुव्याला हात लावू नये. लिनक्सवर ‘फ्लॅशरॉम’ हा मुक्त प्रोग्रॅम या प्रोग्रॅमरला थेट ओळखतो, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि लेखनानंतर तो चिप पुन्हा वाचून स्वतःच पडताळणी करतो. कामासाठी दुसरा संगणक अर्थातच हवा, मग तो कितीही साधा असो.

नक्कल हाती आल्यावर प्रत्यक्ष अद्ययावतीकरण मात्र प्रोग्रॅमरने करू नये. बोर्ड चालू असेल तर आसुसचे ‘ईझी फ्लॅश’, गिगाबाइटचे ‘क्यू-फ्लॅश’ किंवा एमएसआयचे ‘एम-फ्लॅश’ यांपैकी जे बायोसच्या आत उपलब्ध असेल तेच वापरावे, कारण अनुक्रमांकादी माहिती जपून उरलेला भाग कसा बदलायचा हे त्यांना ठाऊक असते. विंडोजमधून चालणारे अद्ययावतीकरण जुन्या बोर्डावर टाळलेले बरे. ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) काढून सर्व सेटिंग मूळ पदावर आणावीत, विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर ते तात्पुरते थांबवून त्याची रिकव्हरी की वेगळी लिहून ठेवावी, आणि नव्या आवृत्तीच्या आधी मधली एखादी आवृत्ती बसवणे कंपनीने सांगितले आहे का, ते वाचावे. विजेचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. घरचा साधा इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना जो क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यानेही संगणक बंद होऊ शकतो. या कामाला संगणकाचा यूपीएसच हवा, आणि तोही बॅटरी खरोखर भार धरते हे तपासलेला.

अद्ययावत करण्याला कारण असणे हेही तितकेच आवश्यक आहे. २०११च्या बोर्डावर २०१२मध्ये आलेला आयव्ही ब्रिज प्रोसेसर बसवायचा असेल तर नवा बायोस अपरिहार्य असतो, आणि तो जुना सँडी ब्रिज प्रोसेसर जागेवर असतानाच घालावा लागतो. जानेवारी २०१८मध्ये उघड झालेल्या प्रोसेसरमधल्या स्पेक्टरसारख्या सुरक्षा-त्रुटींसाठी लागणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) मात्र विंडोज आणि लिनक्स या प्रणालीही चालू होताना भरू शकतात, त्यामुळे तेवढ्यासाठी जुना बोर्ड धोक्यात घालण्यापूर्वी विचार करावा.

इतके करूनही बोर्ड गेलाच, तर जुनी नक्कल चिपवर परत लिहिणे हा सरळ मार्ग आहे. नक्कल नसेल आणि कंपनीची फाइलच लिहावी लागणार असेल, तर आकार आधी जुळवावा. आसुसच्या ‘कॅप’ फाइलीच्या आरंभी २,०४८ बाइटांचे शीर्ष असते, म्हणून आठ मेगाबाइटच्या चिपसाठीची फाइल ८३,९०,६५६ बाइटांची भरते. ते शीर्ष कापल्यानंतरच उरलेली फाइल चिपवर लिहिण्याजोगी होते.

१९९९च्या २६ एप्रिलला सीआयएच विषाणूने जगभरातल्या संगणकांचे बायोस पुसले, तेव्हा दुरुस्तीवाले तसाच दुसरा बोर्ड चालू करून, चालू अवस्थेतच त्याची चिप उपसून तिथे बिघडलेली चिप बसवत आणि ती लिहून घेत. त्या धाडसापुढे आजचा हा सदोष संचही चैनीचा वाटावा.

ज्यांच्या बोर्डावर फ्लॅशबॅकची सोय आहे, त्यांना या संचाची गरज नाही. सॉकेटमधली ३.३ व्होल्टची चिप असलेल्यांना तो निःसंकोच सुचवीन, कारण तिथे क्लिपचा प्रश्नच येत नाही आणि व्होल्टेजचा धोका एका स्वस्त चिपपुरता उरतो. चिप सोल्डर केलेली असेल आणि मल्टिमीटर हाताळण्याची सवय नसेल, तर नक्कल काढण्याचे काम जाणकार दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावे व फाइल स्वतःकडे मागून घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत संच घेताना पट्टी हातात घेऊन पाहता येते, तिथे १.८ व्होल्टचा अडॅप्टर आणि व्होल्टेज निवडण्याचा खटका या दोन गोष्टी मागाव्यात, आणि खटका नसलेली पट्टी केवळ थोडी स्वस्त आहे म्हणून घेऊ नये.