वेंधळा, धांदरट की धसमुसळा: कोणाला काय म्हणावं

इंदूरच्या मराठी घरांत पोरानं काही बिघडवलं की तोंडात हिंदी शब्द आधी येतो: अनाडी, बेढंगा, नाहीतर सरळ फूहड. होळकरांच्या काळापासून माळव्यात नांदणाऱ्या मराठीला मात्र या एकाच बिघाडाचे कितीतरी प्रकार वेगवेगळे दिसतात. मुलाला, नव्या सुनेला किंवा दुकानातल्या शिकाऊ पोऱ्याला चार शब्द सुनवायची वेळ आली, तर कोणता निवडावा ते सांगते.

पोहेच घ्या. आपले इंदुरी पोहे वाफेवर फुललेले, बडीशेप घातलेले, वरून शेव आणि जिरावन मसाला. भिजवलेले पोहे कढईत पडल्यावर जो उलथनं गदागदा फिरवून लगदा करतो, तो धसमुसळा. त्याचं लक्ष कामात असतं, फक्त हाताचा जोर आवरत नाही. ‘हलक्या हातानं’ एवढं म्हटलं तरी त्याला पुरतं. घातलेलं मीठ विसरून पुन्हा मीठ घालणारा तो वेंधळा. त्याला हलक्या हाताचा उपदेश करून काय उपयोग? मीठ घातलं की डबा लगेच फळीवर ठेवायचा, अशी एखादी सवयच त्याला तारते.

धांदरट तिसरा. मोहरी तडतडायच्या आत हा कांदा टाकणार, मग हळद शोधत फिरणार, तोवर कांदा करपणार. वेंधळा सावकाश काम करतानाही चुकतो. धांदरटाला थोडा जास्त वेळ दिला तर तोच माणूस झकास पोहे करून दाखवतो. हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि सगळ्यात मोठा अन्याय तिथेच होतो. धांदरट मुलीला वर्षानुवर्षं वेंधळी म्हणत राहिलं की आपल्या डोक्यात काही राहतच नाही, असं तिला स्वतःला वाटू लागतं. आणि बघायला गेलं तर तिच्या मागे ‘आटप, आटप’ करत कोणीतरी उभं असतं. शंका असेल तर एक दिवस तिला स्वयंपाकघरात एकटी सोडा, म्हणजे कोणता शब्द खरा ते कळेल.

गबाळ्याचे पोहे चवीला फर्मास असू शकतात. पण ओट्यावर कांद्याची सालं, गॅसवर हळदीचे डाग आणि सदऱ्याला पुसलेले हात. दोष मांडणीत आणि दिसण्यात आहे, म्हणून हा शब्द लागला तरी फार खोल जात नाही. अजागळ मात्र जपून. बकरीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या, दूध न देणाऱ्या स्तनांना संस्कृतात अजागलस्तन म्हणतात; अजागळ त्यातलाच. अख्ख्या माणसाला निरुपयोगी ठरवणारा शब्द घरात नको, असं माझं ठाम मत आहे.

फूहड तर मराठी बोलण्यातून हद्दपारच करावा. हिंदीत तो घरकामावरून बहुतेक बाईलाच ऐकवतात, आणि अचकट विचकट विनोदालाही तोच लावतात. सुनेचा पदर नीट खोचलेला नाही म्हणून तिला हा शब्द का ऐकवायचा? अडाणीही तसाच. ज्याला शाळा मिळाली नाही त्याचा त्यात विनाकारण अपमान होतो.

थातूरमातूर काम आणि पाट्या टाकणं यांचा हिशोब निराळा. इथे काम येत असतं, मन लावायचं नसतं. म्हणून शिकाऊ पोऱ्याला ‘पाट्या टाकू नकोस’ म्हणणं चूक आहे. त्याचं काम कच्चं असतं, नियत नव्हे. उलट जन्मभर फरशी बसवणारा मिस्त्री पाण्याचा उतार न बघता फरशा चिकटवून निघाला, तर त्याला हेच शब्द बिनदिक्कत ऐकवा. वर त्यानं तुमच्या भिंतींनाच नावं ठेवली, तर नाचता येईना अंगण वाकडे आहेच.

राहिली नवी सून. तिच्यासाठी दोन वाक्यं तयार असतात: ‘हाताला वळण नाही’ आणि ‘अजून हात बसला नाही’. पहिल्यात तिची आई, तिचं माहेर, सगळं ओढलं जातं. दुसऱ्यात फक्त सरावाचा प्रश्न उरतो. मी कायम दुसरंच निवडेन, तेही तिच्याशी बोलताना, पाहुण्यांसमोर नव्हे. पहिली पुरणपोळी लाटताना फाटली, तर पुरणात गुठळी राहिली होती का, कणीक घट्ट झाली होती का, ते तिच्या शेजारी बसून बघावं आणि पुढचा उंडा तिलाच भरू द्यावा.