किंबर्लीची बोट ठरवताना आधी तिथी बघा

ब्रूम ते डार्विन, ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाची किंबर्ली किनारपट्टी, आणि शंभराच्या आतच प्रवासी घेणारी छोटी बोट. पैसे वसूल झाले का? बहुतेक झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या मार्गावरच्या छोट्या बोटींचा कार्यक्रम थोड्याफार फरकाने सारखाच असतो. फरक पडतो तो तारखेने.

मी दाभोळ खाडीकाठचा. भरती-ओहोटीचं मला कसलं आलंय कौतुक! पण आमच्याकडे उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं, इथे ११ मीटरपर्यंत. तीन मजली इमारत दिवसातून दोनदा बुडावी आणि दोनदा उघडी पडावी, असा प्रकार.

हे सगळ्यात चांगलं दिसतं मॉन्टगोमेरी रीफला. सुमारे ४०० चौरस किलोमीटरचं हे प्रवाळ. रबरी होडीतून गेलो तेव्हा चहूकडे नुसतं पाणी. ओहोटी लागली तशी एक तपकिरी रेघ दिसायला लागली, आणि बघता बघता तिच्या काठावरून पाणी धो धो खाली कोसळू लागलं. बगळे डबक्यांत अडकलेले मासे टिपत होते. एक कासव काठावर अडकलं होतं, पुढचे पाय मारत मारत धारेबरोबर घसरलं आणि आमच्या शेजारी धप्पकन पाण्यात पडलं. डोकं वर काढून फुस्सकन श्वास घेतला आणि गेलं. गाइडने इंजिन आधीच बंद केलं होतं, हे त्याचं शहाणपण.

अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत (म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) गेलात तर यातलं निम्मंही दिसणार नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी बोट तिथे पोचेल अशी फेरी निवडा. बुकिंगवाली मुलगी केबिनच्या खिडकीबद्दल भरभरून बोलते, याबद्दल चकार शब्द नाही. आपण आपलं पंचांग उघडावं.

टॅलबट बेचा आडवा धबधबाही भरतीचाच खेळ. डोंगराच्या दोन अरुंद फटींतून पाणी पुरेसं वेगाने जाऊ शकत नाही, मग एका बाजूला चढतं आणि दुसरीकडे घसरतं. तिथल्या मूळ मालकांच्या, डंबीमंगारी लोकांच्या इच्छेनुसार २०२८ पासून फटींमधून बोट नेणं बंद होणार आहे. आमच्या गाइडने तर आत्ताच होडी समोर उभी करून दाखवलं. काहींनी नाकं मुरडली. मला तेवढं पुरलं. ज्यांची जागा, त्यांचा शब्द.

राफ्ट पॉइंटला चढण आहे, पण चुकवू नका. वरच्या गुहेत वांजिना रंगवलेले आहेत: मोठाले डोळे, डोक्याभोवती वलय, तोंड नाहीच. पाऊस आणणारे हे पूर्वज. आमच्या गटात एरवी सतत बडबड करणारे दोघं तिथे गप्प बसले, यावरून काय ते समजा.

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. व्हेल भरपूर दिसले, पिल्लांसकट. पण पावसाळा संपून महिने उलटलेले, त्यामुळे ८० मीटरच्या किंग जॉर्ज धबधब्याच्या नुसत्या करंगळीएवढ्या धारा उरल्या होत्या. धबधबे हवेत तर एप्रिल-मे, व्हेल हवेत तर जुलै-ऑगस्ट. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता तक्रारी. शाकाहारी म्हणून भोपळ्याचं काहीतरी रोज समोर यायचं. सौ.ने मेतकुटाची डबी काढली तेव्हा शेजारच्या टेबलावरूनही मागणी आली. खालच्या डेकवरच्या केबिनमध्ये पहाटे नांगराच्या साखळीने झोपेचं खोबरं होतं. मिचेल धबधब्याचं हेलिकॉप्टर वेगळ्या पैशांचं, हे बारीक अक्षरात. आणि उकाड्यात समोर निळंशार पाणी असूनही मगरींमुळे पोहायला बंदी, त्याला मात्र कोणाचा इलाज नाही.

होडीत उतरताना पायरी हलते. गुडघे कुरकुरत असतील तर बुकिंगआधीच विचारा की चढण टाळणाऱ्यांसाठी दुसरी होडी ठेवतात का. आमच्या बोटीवर ठेवत होते.