पट्टी सोडू नका, असं तो का म्हणाला

गाडीवरून रोपं विकायला आलेल्या त्या माणसाने दिलेल्या सगळ्या सूचना बरोबर होत्या. नवीन कलमाच्या जोडावर गुंडाळलेली पट्टी लवकर सोडू नये, हे खरं. रोप लावलं की ते सारखं हलवू नये, हेही खरं. जागा बदलल्यावर चार-आठ दिवस पानं मलूल होतात, घाबरू नये, हे तर कुणीही माळी सांगेल. म्हणूनच शंका आली नाही. आता कळतं, की तिन्ही सूचनांचा उपयोग एकच होता. त्याची गाडी नागपुरातला बेसा, मनीषनगर, बेलतरोडीचा पट्टा उरकून दुसरीकडे जाईपर्यंत आम्ही कुंडीला हात लावू नये.

मागच्या वर्षी मृगाचा पाऊस झाला आणि अख्ख्या कॉलनीला झाडं लावायचा हुरूप आला. नागपुरात हे दर वर्षी होतं. मे महिनाभर ग्रीन नेटखाली सुद्धा कुंड्या करपतात, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पहिला पाऊस आला की रिकाम्या कुंड्या बघवत नाहीत. हे गाडीवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. छोटा हत्ती, वर भोंगा, मागे हिरवागार माल. आंब्याच्या हातभर झाडाला दोन कैऱ्या, संत्र्याच्या टीचभर झाडाला पिवळीधमक फळं, तीन रंगांची अडेनियम, ‘निळा’ गुलाब. माल आंध्रातल्या कडियमचा, असं तो सांगत होता. कडियम म्हणजे राजमहेंद्रीजवळचं नर्सऱ्यांचं गाव, तिथून देशभर रोपं जातात. नाव खरं असलं की ऐकणाऱ्याचं अर्धं काम होऊन जातं. ‘भाभीजी, पट्टी मत खोलना, दिवाळी तक हाथ नहीं लगाना,’ असं त्याने मला दोनदा बजावलं.

आम्ही बारमाही आंबा, केशर आंब्याचं कलम, ‘बोन्साय नागपुरी संत्रा’, लिची आणि अडेनियम घेतलं. सहा हजारांच्या आसपास गेले. शेजारच्या वहिनींनी अडीच हजारांचा मियाझाकी आंबा वेगळा घेतला. पैसे मोबाइलवरून दिले.

बारमाही आंब्याचा निकाल सगळ्यात आधी लागला. पावसाळी हवेत ओल भरपूर, त्यामुळे पानं चांगली आठवडाभर हिरवी राहिली. मग कैऱ्या सुरकुतल्या, पानं वाळली पण गळली नाहीत. झाड स्वतः पान टाकतं तेव्हा देठाशी पान सुटून येतं. तोडलेल्या फांदीवरची पानं तशीच लटकून वाळतात. मी खोड धरून जरा वर ओढलं तर ते अलगद हातात आलं. खाली मुळाचा एक तंतू नव्हता, कोयत्याने मारलेला तिरपा काप होता. कुणाच्या तरी झाडाची कैऱ्यांसकट फांदी तोडून काळ्या मातीत दाबून बसवली होती, आणि वरून पिशवीला सुतळी करकचून बांधली होती, हलू नये म्हणून. अंगठ्याएवढं जून लाकूड आणि मूठभर मातीची पिशवी, हे गणितच जुळत नव्हतं, पण कैऱ्या दिसल्यावर पिशवी कोण बघतो?

केशर मात्र जोमात होता. नवी तांबूस पालवी फुटली, आम्ही खूश. गणपतीत काटोलचे मामेसासरे आले. त्यांची संत्र्याची बाग आहे, डोळा भरण्यात, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवण्यात, हयात गेली. अंगणात चहा घेताना त्यांची नजर त्या पट्टीवर गेली. उठले, कुंडीशी उकिडवे बसले, खोडावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘सूनबाई, हे कोनं देल्लं तुले?’ मी म्हटलं, पट्टी सोडू नका, दिवाळीपर्यंत सोडायची नाही. ते हसले. खिशातल्या चाकूने पट्टी उभी चिरली.

आत काहीच नव्हतं. म्हणजे खोड होतं, पण जोड नव्हता. कलमात खुंटाला, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपाला, मधोमध चीर देऊन त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात. ती एकजीव झाली तरी तिथे गाठ राहते, खालच्या आणि वरच्या सालीचा रंग, पोत थोडा वेगळा दिसतो, जाडीतही फरक असतो. इथे साल खालून वरपर्यंत एकसारखी गुळगुळीत. पट्टीखाली ब्लेडने ओढलेला एक बारीक ओरखडा तेवढा होता, तोही भरून आलेला. पट्टीच्या कडेतून डोकावलं तर कलमाचा काप वाटावा, एवढीच त्याची सोय. ‘कलम नोहे हे, कोयीचं रोप होय,’ मामा म्हणाले. ‘याले जोडच नाही.’

कोयीपासून आंबा होत नाही असं नाही. पण केशरच्या कोयीतून केशरच येईल याची खात्री नसते. आपल्याकडच्या बहुतेक जातींची कोय एका गर्भाची, म्हणजे परागातून बापाचेही गुण घेऊन येणारी, त्यामुळे फळ कसं निघेल ते झाडालाच ठाऊक. शिवाय कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरता येतं, कोयीच्या झाडाला त्याहून बरीच जास्त वर्षं वाट पाहावी लागते. तोवर गाडीवाल्याचा चेहरा तरी लक्षात राहणार आहे का? माझ्या मते हीच यातली खरी लबाडी आहे. मेलेलं रोप विकणारा आठवड्यात पकडला जातो, कोयीचं रोप विकणारा कधीच नाही.

वहिनींच्या मियाझाकीची पट्टीही मग मामांनी सोडली. तिथे जोड खरा होता, पण जात कुठली हे पानांवरून सांगता येईना. मियाझाकी हा जपानमधला प्रांत आहे आणि तिथला तो महागडा आंबा मुळात आयर्विन नावाची अमेरिकेतली, फ्लोरिडाची जात आहे. काचघरात, जाळीत टांगून पिकवलेल्या फळांपैकी किमान ३५० ग्रॅम वजन आणि १५ टक्के साखर असलेली लालबुंद फळंच तिथे त्या खास नावाने विकली जातात. म्हणजे अस्सल आयर्विन मिळालं तरी बेसाच्या गच्चीवर लाखाचे आंबे लागणार नाहीत. किंमत पिकवण्याची आणि निवडण्याची आहे.

संत्र्याचा प्रकार वेगळा. झाड खरं, मुळं खरी, फळंही खरी. फक्त ते संत्रं नव्हतं. मामांनी एक फळ तोडून चाखलं आणि डोळे मिटले, लिंबापेक्षा आंबट. कॅलमॉन्डिन नावाचं शोभेचं झाड आहे, त्याला लिंबाएवढी पिवळी-केशरी फळं वर्षभर लागतात. दिसायला फार गोड, कुंडीत छान राहतं, आणि त्याच नावाने विकलं तर माझी काहीच तक्रार नाही. पण नागपूरकराला जूनअखेर पिकलेली संत्री दाखवून फसवावं, हे जरा जास्तच झालं. आपल्या संत्र्याचा आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या पुढे-मागे निघतो, मृग बहर जून-जुलैत फुलून फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. जूनअखेर झाडावर एक तर हिरवी फळं असतात नाही तर फुलं. ज्या गावाला संत्रानगरी म्हणतात, तिथे ही थाप खपली.

खऱ्या नागपुरी संत्र्याचा डोळा जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरलेला असतो, आणि तो जमिनीपासून वीतभर तरी वर असावा लागतो, नाही तर मातीतली बुरशी सालीला धरते. रोप घेताना तो भरल्याची खूण स्वतः बोट लावून बघा. त्या खुणेच्या खालून काटेरी फुटवे निघाले तर लगेच काढा, ते जंभेरीचे असतात आणि वरचं संत्रं दाबून टाकतात.

लिची मात्र गुटीची, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून मग वेगळी केलेली, अस्सल होती. तिला आमच्या हवेने मारलं. मुझफ्फरपूरसारखी दमट हवा लागणारं झाड, या मेमधल्या झळांनी पानांच्या कडा जळत आत सरकत गेल्या. ‘नागपूरमध्ये मस्त होते’ हे त्याचं वाक्य सुद्धा फसवणुकीतच धरते मी. निळ्या गुलाबाचं न बोललेलंच बरं. गुलाबात निळा रंग बनवणारं द्रव्यच नसतं. जपानमध्ये २००९ साली जनुकं बदलून विक्रीला आणलेला गुलाबही जांभळटच आहे. गाडीवरचा नीळ पाजलेला पांढरा गुलाब होता, पुढची कळी पांढरी उमलली असं एका शेजारणीने सांगितलं.

नंबर अर्थातच बंद. पैसे ज्या नावावर गेले ते नाव भलतंच. पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, बिल आहे का? नव्हतं. वास्तविक महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे, फळरोपं विकायला परवाना लागतो. परवाना क्रमांक आणि जातीचं नाव लिहिलेलं बिल मागा. गाडीवाला हसेल, पण त्यातच उत्तर मिळतं. ऑनलाइन पैसे देऊन फसला असाल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे निघून जाते. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. संत्रा, मोसंबी, लिंबू हवं असेल तर अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे रोपांची चौकशी करून जा.

आणि पट्टीचं. नव्या कलमाची पट्टी बाजारात उभं राहून सोडायला लावू नका, कलम खरं असेल तर ते खरंच मरू शकतं. त्याऐवजी पट्टी आधीच काढलेलं, गाठ उघडी दिसणारं, वर्षभराचं रोप मागा. शे-दोनशे रुपये जास्त जातील. पिशवीच्या खालच्या भोकांतून पांढरी मुळं बाहेर आलेली बघा, खोड हलकेच ओढून बघा. फळं लागलेलं रोप गुटीचं असेल तर ते खोटंच असतं असं नाही, पण पहिल्या वर्षी ती फळं खुडूनच टाकायची असतात. मग त्यांचे जास्तीचे पैसे का द्यायचे?

या जूनमध्ये तीच गाडी, निदान तसाच भोंगा, हुडकेश्वरकडे ऐकल्याचं ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं. आता माल ‘हास अ‍ॅव्होकॅडो’चा आहे म्हणे, प्रत्येक रोपाला पट्टी बांधलेली.